आय ॲम कुक्ड: एक्केचाळिसाव्या वर्षी दहावीचं इंग्रजी

अंगणवाडीत मदतनीस म्हणून मला चौदा वर्षं झाली. खिचडी शिजवायची, लेकरांना वाढायचं, भांडी घासायची, वजनाच्या दिवशी रडणारं लेकरू काट्यावर उभं करायचं. २०२४च्या जुलैत आमच्या सेविका ताई म्हणाल्या, "मी आता निवृत्तीला आले. सेविकेला बारावी पास लागतं. तू दहावीचा तरी फॉर्म भर." माझं शिक्षण नववी. त्या नववीतही इंग्रजीचा आकडा लाल शाईतला.

इंग्रजीचं आणि माझं वाकडं कधी झालं हे मला तारखेसकट सांगता येतं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते २००० साली सुरू झालं. मी १९९३च्या जूनमध्ये पाचवीत गेले. मोठी एबीसीडी झाली, लहान एबीसीडी अर्ध्यावर आली आणि ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आमचं गाव किल्लारीच्या अंगाला. घर गेलं, शाळा गेली. बाकीचं इथे लिहीत नाही. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, पावसात गुरुजींचं बोलणं ऐकू यायचं नाही. लहान एबीसीडी मागेच राहिली आणि पुस्तकात टेन्स आले. नववीचा निकाल बघून वडील म्हणाले, दहावीला इंग्रजीत नापासच व्हायचंय तर फी कशाला भरायची. तिथे शाळा सुटली.

बाहेरून दहावीला बसायचं तर मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. तो ऑनलाइनच असतो. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड, फोटो, मोबाइल नंबर आणि ईमेल लागतो. माझ्याकडे यातला ईमेल नव्हता आणि दाखलाही नव्हता. ईमेल लेकीनं पाच मिनिटांत काढून दिला. दाखल्याला तीन आठवडे गेले.

शाळेत पहिल्या दिवशी क्लार्क रजेवर. दुसऱ्यांदा गेले तर जुनं रजिस्टर ज्या कपाटात होतं त्याची किल्ली दुसऱ्याकडे. तिसऱ्यांदा रजिस्टर निघालं, माझं नाव निघालं, पण मूळ दाखला १९९८लाच कोणीतरी नेल्याची नोंद. बहुतेक वडिलांनी. मग द्वितीय प्रत, आणि त्यासाठी मूळ दाखला हरवल्याचं प्रतिज्ञापत्र. बायकांना एसटीला अर्धं तिकीट आहे म्हणून चार खेपा परवडल्या. शंभरचा बॉण्ड, टायपिंग, नोटरी आणि झेरॉक्स मिळून साडेचारशे रुपये गेले. फॉर्मची फी वेगळी, तीही ऑनलाइन भरायची आणि परत न मिळणारी.

दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. संपर्क केंद्र म्हणून जी शाळा मिळाली तिथले बाबू म्हणाले, फॉर्म दाखल्यावरच्या नावानंच भरा आणि दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं लिहून द्या. म्हणजे दुसरं प्रतिज्ञापत्र. ज्या बायका फॉर्म भरणार असतील त्यांनी ही दोन्ही कामं एकाच दिवशी, एकाच नोटरीकडे उरकावीत. मी दोनदा गेले. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात फॉर्मची प्रिंट केंद्रावर जमा झाली तेव्हा सहा विषयांचं ओझं एकदम अंगावर आलं. बाकी पाच विषयांचं निदान पुस्तक उघडून वाचता येत होतं.

लातूरला राहून दहावीच्या शिकवणीची काळजी कशाची, असं कोणालाही वाटेल. इथे गल्लोगल्ली क्लास. एका ठिकाणी चौकशी केली, आकडा ऐकला आणि रिक्षाही न करता चालत घरी आले. आमच्या गल्लीत एक सेवानिवृत्त गुरुजी राहतात, सासऱ्यांच्या ओळखीचे. ते म्हणाले, "सूनबाई, संध्याकाळी साडेसातला येत जा. पैसे नकोत. हुरड्याच्या दिवसात आठवण ठेव म्हणजे झालं."

पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवर टांगायचा तक्ता दिला. बारा काळ, तीन उभे रकाने, चार आडव्या ओळी, आणि प्रत्येक घरात 'वॉक' हे क्रियापद कसल्या कसल्या वेशात उभं. मी तो चुलीच्या वर लावला. दहा दिवस घोकला. अकराव्या दिवशी गुरुजींनी विचारलं, "मी खिचडी शिजवली आहे, इंग्रजीत सांग." मी म्हटलं, "आय ॲम कुक्ड खिचडी."

गुरुजी चष्मा काढून बराच वेळ डोळे पुसत बसले. मग म्हणाले, "म्हणजे पातेल्यात तूच."

घरी लेकीला सांगितलं तर ती पण हसत सुटली. मला मात्र राग आला होता. 'आहे' म्हणजे ॲम, इज, आर, असं पाचवीत शिकवलं होतं की नाही? दुसऱ्या दिवशी गुरुजींना तेच विचारलं. ते म्हणाले, आपलं 'आहे' दोन घरची धुणी धुतं. 'मी मदतनीस आहे' यातलं 'आहे' म्हणजे ॲम. 'मी शिजवलं आहे' यातलं 'आहे' म्हणजे हॅव. इंग्रजीत त्यासाठी बाया वेगळ्या. हे एवढं जर कोणी १९९३ साली सांगितलं असतं तर, असं मनात आलं. पण तेव्हा सांगणाऱ्याच्याही डोक्यावर पत्रा होता.

त्या दिवशी मी तक्ता खाली काढला. 'वॉक' माझ्या कामाचं नव्हतं. चालण्याबद्दल दिवसातून एकदाही मी कोणाशी बोलत नाही. माझ्या कामाची क्रियापदं मी वहीत लिहून काढली आणि लेकीकडून त्यांचं इंग्रजी घेतलं: शिजवणे, धुणे, वाढणे, पुसणे, उकळणे, उचलून नेणे, वजन करणे, मोजणे, वाट बघणे. कुक, वॉश, सर्व्ह, मॉप, बॉइल, कॅरी, वे, मेझर, वेट. ही सगळीच्या सगळी नियमित निघाली, म्हणजे भूतकाळात निमूटपणे ई-डी लावून घेणारी. झाडणे, खाणे, पिणे, देणे ही मात्र आडदांड. ती स्वीपचं स्वेप्ट, गिव्हचं गेव्ह करतात. त्यांच्यासाठी निळी वही केली आणि ती फळीवर ठेवून दिली. आधी लाल वही.

नियमित क्रियापदाची रूपं किती, तर चार. कुक, कुक्स, कुक्ड, कुकिंग. क्लासवाले त्यांना व्ही वन, व्ही टू, व्ही थ्री म्हणतात. नियमित क्रियापदात टू आणि थ्री सारखेच, त्यामुळे तिथे भांडणच नाही. मी मराठीतल्या 'शिजव'ची रूपं मोजायला बसले आणि थकले. भात शिजवला, खिचडी शिजवली, वरण शिजवलं, बटाटे शिजवले, भाज्या शिजवल्या. भांड्यात काय आहे ते बघून आपलं क्रियापद बदलतं! इंग्रजीत पातेल्यात काहीही असो, कुक्ड ते कुक्डच. शिजवणारी बाई असो की बाप्या, तरी कुक्डच. इतकी वर्षं ज्या भाषेला घाबरले तिच्यात क्रियापदाचं काम आपल्यापेक्षा कमी आहे, हे कळलं त्या रात्री मी जरा जास्तच बडबड केली. नवरा म्हणाला, झोप आता.

स्पेलिंगला ऑक्टोबर गेला. सर्व्हच्या शेवटी ई आधीच आहे, तर नुसता डी लावायचा. कॅरीच्या शेवटचा वाय जातो आणि आय-ई-डी येतं. पण प्लेचा वाय जात नाही, कारण त्याच्या आधी स्वर आहे. मॉपमध्ये एकच स्वर आणि मागे एकच व्यंजन, म्हणून पी दुप्पट. कुकमध्ये दोन ओ, म्हणून के एकटाच. उच्चाराचं तर मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. मी सगळीकडे 'एड' म्हणायचे: कुकेड, वॉशेड. गुरुजींनी गळ्यावर बोट ठेवून बघायला लावलं. क, प, श यांच्यासारखा आवाज शेवटी असेल तर गळा थरथरत नाही, मग ई-डीचा उच्चार 'ट': कुक्ट, मॉप्ट, वॉश्ट. गळा थरथरला तर 'ड': बॉइल्ड, सर्व्ह्ड. आणि शेवटी टी किंवा डीचा आवाज असेल तरच 'इड': वेटिड. लिहायचं सगळीकडे ई-डीच. वजन करण्याच्या 'वे'चा भूतकाळ मी तरीही 'वेटेड' करत राहिले, आणि लेक म्हणायची, "आई, तू लेकराचं वजन केलंस की त्याची वाट बघत बसलीस?"

एसचं कोडं सगळ्यात चिवट. आय कुक, यू कुक, दे कुक. फक्त शी आली की कुक्स. मला वाटायचं अनेकवचनाला एस हवा, कारण नामाला तसाच लागतो. गुरुजींनी युक्ती दिली: एस एकच आहे, तो नामाला तरी द्या नाहीतर क्रियापदाला. गर्ल्स वॉश, गर्ल वॉशेस. ही युक्ती सगळीकडे चालत नाही, मेन किंवा चिल्ड्रनला एस नसतोच. पण परीक्षेपुरती पुष्कळ चालली. 'डिड'चंही तसंच. डिड आला की ई-डी जातो. 'आय डिडन्ट कुक्ड' हे मी किती वेळा लिहिलं असेल! गुरुजी लाल पेनानं ई-डी खोडायचे आणि म्हणायचे, एका घरात दोन कारभारी नकोत.

आता जे सांगते ते मला कुठल्या तक्त्यात मिळालं नाही. नोव्हेंबरात एक दिवस मी भाकरी थापत होते आणि शेजारीण दारातून ओरडली, "काय करायलीस गं?" मी म्हटलं, "भाकरी करायले." आणि थांबले. पुस्तकात 'मी भाकरी करत आहे' असं लिहिलेलं असतं. तसं आमच्याकडे कोणी बोलत नाही. आमच्याकडे करायले, जायले, शिजवायले. औशाकडे तर करूलाले, जाऊलाले. हे रूप आपण फक्त काम चालू असतानाच वापरतो. रोज करते त्याला 'करायले' कोणी म्हणत नाही. म्हणजे आयएनजी माझ्या तोंडात आधीपासून होता! जिथे माझ्या तोंडून 'आयले' निघेल तिथे ॲम कुकिंग, जिथे 'रोज करते' निघेल तिथे कुक. काल कोणी विचारलं तेव्हा 'करायले होते', म्हणजे वॉज कुकिंग. मी गुरुजींकडे पळतच गेले. ते नांदेडकडचे. म्हणाले, "छत्तीस वर्षं शिकवलं, हे वर्गात कधी सांगितलं नाही. आम्ही पोरांना असं बोलू नका म्हणून छड्या मारायचो."

मग बाकीच्याही चाव्या जमवल्या. 'शिजवलं' म्हणजे कुक्ड. 'शिजवलंय' म्हणजे हॅव कुक्ड, तिनं असेल तर हॅज. 'शिजवीन' म्हणजे विल कुक; तिथे विल पुढे उभा राहतो आणि क्रियापदाच्या अंगाला हात लावत नाही. सकाळपासून शिजवायले आणि अजून संपलं नाही, तर हॅव बीन कुकिंग. तक्त्यातली चौथी ओळ हीच. आपल्या मराठीत चौथी ओळ रीतीची असते, 'शिजवत असे' वाली. दोन्हीकडे बारा भरतात म्हणून मी ती एकाखाली एक लावत बसले होते आणि तिथेच महिनाभर अडकले. चौथ्या ओळी जुळत नाहीत. जुळवायला जाऊ नका.

चाव्या दोन ठिकाणी फसतात. आपण 'काल वजन केलंय की' असं सहज म्हणतो, पण इंग्रजीत यस्टरडे आला की हॅव चालत नाही, 'वे'ला नुसता ई-डी लावून 'वेड' म्हणायचं. आणि आपलं 'होतं' फार सैल आहे. 'मी काल औशाला गेले होते' म्हणतो तेव्हा इंग्रजीला तिथे हॅड नको असतो. हॅड लागतो तो दोन गोष्टींतली आधीची दाखवायला. हे मला डिसेंबरच्या ३० तारखेला, येळवशीच्या म्हणजे वेळ अमावस्येच्या दिवशी, शेतात बसून कळलं. भज्जी, म्हणजे येळवशीची मिसळीची भाजी, आदल्या रात्री शिजवली होती, आंबिलाचं मडकं सकाळी डोक्यावर घेऊन चालत गेलो होतो. वुई हॅड कुक्ड भज्जी बिफोर वुई वॉक्ड टू द फार्म. रात्रीच्या कामाला हॅड, सकाळच्या कामाला नुसता ई-डी. कडब्याच्या कोपीत पूजा चाललेली आणि मी पुटपुटतेय. जाऊबाईला वाटलं मी मंत्र म्हणतेय.

जानेवारीत केंद्रावर तोंडी परीक्षा झाली. इंग्रजीचे १०० गुण असतात, ८० लेखी आणि २० शाळेच्या हातचे. बाहेरच्या मुलांनी केंद्रावर नेमलेल्या दिवशी जायला हवं, आणि तो दिवस कोणी घरी कळवत नाही. मी दर सोमवारी फोन करायचे म्हणून सापडला. सरांनी दिवसभरात काय करता ते सांगायला सांगितलं. लाल वहीतली नऊ क्रियापदं मी एका दमात सांगितली. मग ते म्हणाले, "व्हॉट डिड यू कुक यस्टरडे?" मी "आय डिड" म्हणाले, थांबले, कारभारी आठवले, आणि म्हटलं, "आय कुक्ड खिचडी." त्यांनी मान हलवली. बाहेर येऊन पाण्याची अख्खी बाटली प्यायले.

लेखी परीक्षा २१ फेब्रुवारी २०२५ला सुरू झाली. इंग्रजी १ मार्चला होतं. पेपर अकराला, पण साडेदहाला आत बसावं लागतं, आणि शेवटी दहा मिनिटं जास्त मिळतात. ती मी नुसती एस आणि ई-डी तपासायला ठेवली होती. पहिल्याच दिवशी पर्यवेक्षक बाईंनी हॉल तिकीट आणि आधार शेजारी धरून भुवया चढवल्या. मी पिशवीतून नावाच्या प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स काढून दिली. इंग्रजीला काळ बदलायचं मी बिनधास्त लिहिलं. पत्रात मात्र 'दिलं' लिहायची वेळ आली. निळी वही फळीवरच राहिली होती. मी 'गिव्हड' असं लिहिलं. दहा मिनिटांच्या तपासणीत ते चुकीचं आहे हे कळत होतं, बरोबर काय ते आठवत नव्हतं. तसंच सोडलं.

निकाल १३ मेला दुपारी एकला होता. साइट उघडत नव्हती. मी खिचडीची भांडी घासत होते आणि लेकीचा फोन आला. इंग्रजीत ५२. गणितात ३६, त्याबद्दल कोणी काही विचारू नये. गुरुजींकडे पेढे नेले, तर त्यांनी हुरड्याची आठवण काढली. तो मी जानेवारीत दिला होता, पण त्यांच्या मते तो पोटभर नव्हता.

हे सगळं मी बोलत गेले आणि लेकीनं टाइप केलं. एकूण खर्च, फॉर्म, बॉण्ड, एसटी, वह्या आणि जुनी पुस्तकं मिळून चार हजारांच्या आत बसला. लाल वही सध्या शेजारच्या अंगणवाडीतल्या मदतनीस बाईकडे आहे. निळी आता मी उघडली आहे आणि 'गिव्ह'पासून सुरुवात केली आहे.

गुणपत्रिका घ्यायला जूनमध्ये केंद्रावर गेले. खिडकीतले बाबू नवे होते. त्यांनी गुणपत्रिका बघितली, आधार बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, ह्या कोण?" तिसरी झेरॉक्स तेव्हा कामी आली. मी तीनच काढल्या होत्या. तुम्ही पाच काढा.